डान्स ऑफ द हॅपी शेड्स

डान्स ऑफ द हॅपी शेड्स : इंग्रजी भाषेत लेखन करणारी विख्यात कॅनडियन कथालेखिका ॲलिस मन्रो (१० जुलै १९३१–१३ मे २०२४) हिचा पहिला कथासंग्रह. टोराँटो येथील रायर्सन प्रेस या प्रकाशनसंस्थेने तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘सुखी छायांचे नृत्य’ असा शीर्षकाचा शब्दशः अर्थ असून ‘छाया’ हा शब्द येथे परलोकातील आत्मे या अर्थी योजिलेला आहे. संग्रहात पंधरा कथा असून त्यांस ह्यू गार्नर या कॅनडियन कथाकाराची प्रस्तावना आहे. लेखिकेने तो आपले वडील रॉबर्ट लेडलॉ यांस अर्पण केलेला आहे. लहान गावांतील व शेतवाड्यांवरील सामान्य स्त्रिया, वयात येणाऱ्या मुली आणि त्यांच्या भोवतालचे आईवडील, भावंडे, शेजारी व प्रियकर यांचे परस्परसंबंध हा या कथांचा विषय होय. या माणसांना एकमेकांविषयी बरेच काही कळलेले असते. परंतु ते बोलून दाखविले जात नाही. हे अनुच्चारित ज्ञान नात्यांना बांधून ठेवते आणि आतून पोखरतेही, ही जाणीव संग्रहातील बहुतेक कथांच्या मुळाशी आढळते.

लेखिका व पार्श्वभूमी : मन्रोचे माहेरचे नाव ॲलिस ॲन लेडलॉ. तिचा जन्म कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील विंगम या लहान गावी झाला. हे गाव ह्यूरन सरोवराच्या पूर्वेकडील शेतीप्रधान प्रदेशात असून तेथील वस्ती प्रामुख्याने स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांची आहे. कष्ट, काटकसर, धर्माचरण आणि भावनांचे प्रदर्शन टाळण्याची वृत्ती ही या समाजाची वैशिष्ट्ये. आपण इतरांहून वेगळे आहोत, असे दाखविणाऱ्यास, विशेषतः मुलीस, येथे उपहास सोसावा लागे. मन्रोचे वडील रुपेरी कोल्ह्यांची पैदास करून त्यांची कातडी विकण्याचा व्यवसाय करीत. हा व्यवसाय पुढे बुडाला. आई लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. मन्रो शाळेत असतानाच आईला कंपवाताचा दुर्धर विकार जडला व थोरली मुलगी म्हणून घरकामाचा भार तिच्यावर पडला. आईचे आजारपण दीर्घकाळ चालले आणि १९५९ मध्ये ती वारली. कोल्ह्यांचे पिंजरे, बुडालेला धंदा, आजारी आई व घर सोडून जाणारी मुलगी ही चित्रे मन्रोच्या कथांत पुन:पुन्हा अवतरतात, त्यांचे मूळ या अनुभवांत आहे.

शिष्यवृत्तीच्या आधारे १९४९–५१ या काळात तिने वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात शिक्षण घेतले. तेथील विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तिची पहिली कथा १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. १९५१ मध्ये जेम्स मन्रो याच्याशी विवाह करून ती पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर येथे राहावयास गेली. १९६३ मध्ये हे दांपत्य व्हिक्टोरिया येथे स्थायिक झाले व तेथे त्यांनी पुस्तकांचे दुकान काढले. तीन मुलींचे संगोपन व संसार सांभाळून मुले झोपलेली असताना किंवा शाळेत गेलेली असताना मिळेल तेवढ्या वेळात ती लिहीत असे. कादंबरीसाठी लागणारा सलग वेळ हाती नसल्यामुळे आपण कथेकडे वळलो, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. १९६१ मध्ये व्हँकूव्हर येथील एका वृत्तपत्राने गृहिणीला कथा लिहिण्यास सवड सापडते, अशा आशयाच्या मथळ्याखाली तिची माहिती छापली होती. त्या काळी लेखन करणाऱ्या विवाहित स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे त्यावरून ध्यानात येते. कॅनडाच्या आकाशवाणीवर साहित्यविषयक कार्यक्रमांची निर्मिती करणारा रॉबर्ट वीव्हर याने मात्र तिचे गुण आरंभीच ओळखले. त्याने तिच्या कथा नभोवाणीवरून प्रसारित केल्या आणि द टॅमरॅक रिव्ह्यू या वाङ्मयीन नियतकालिकातून प्रसिद्धही केल्या. द कॅनडियन फोरम, द माँट्रिऑलर व शॅटलेन या नियतकालिकांतूनही तिच्या कथा येत होत्या. सु. बारा वर्षांच्या काळात अशा रीतीने प्रसिद्ध झालेल्या कथांत काही नव्या कथांची भर घालून प्रस्तुत संग्रह सिद्ध झाला. त्याच्या प्रकाशनाच्या वेळी लेखिकेचे वय सदतीस वर्षांचे होते.

माता आणि कन्या : आई व मुलगी यांचे संबंध हा या संग्रहातील सर्वांत महत्त्वाचा विषय होय. ‘द पीस ऑफ यूट्रेक्ट’ (यूट्रेक्टचा तह) ही १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली कथा या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. आईच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी हेलन आपल्या मुलांसह माहेरी येते. विवाह करून ती दूर निघून गेलेली असते. तिची बहीण मॅडी मात्र आजारी आईच्या सेवेसाठी गावातच राहिलेली असते. आईची वाचा अस्पष्ट झालेली असल्यामुळे तिचे बोलणे परक्यांना समजावून सांगण्याचे काम लहानपणापासून या दोघींकडे आलेले असते व त्याची त्यांना लाज वाटत असे. आईची दया येऊ नये, म्हणून दोघींनी आपली मने कठोर केलेली असतात. बहिणी एकमेकींशी विनोदाने, हलकेफुलके बोलतात. आईच्या अखेरच्या दिवसांचा विषय टाळतात. एका वृद्ध मावशीकडून हेलनला कळते, की मॅडीने आईला रुग्णालयात ठेवले होते व तेथून ती ऐन हिवाळ्यात, बर्फात, अंगावरच्या कपड्यांनिशी पळून बाहेर पडली होती. आपले स्वतःचे आयुष्य जगता यावे, म्हणून मॅडीने हे केले. परंतु मोकळी झाल्यावरही तिला घर सोडवत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात हेलनने लिहून ठेवलेली इतिहासाची टिपणे तिला जुन्या कपाटात सापडतात. १७१३ मध्ये यूट्रेक्टच्या तहाने स्पेनच्या वारसायुद्धाची अखेर झाली, असा त्यांत उल्लेख असतो. कथेचे शीर्षक त्यावरून आलेले आहे. राष्ट्रांमधील युद्धे तहाने मिटतात; मृत आईशी चाललेल्या मनातील युद्धाला मात्र असा तह उपलब्ध नसतो, हे शीर्षकातून सूचित होते. ज्या अनुभवाला सामोरे जाणे सर्वांत यातनामय होते, तो आपण या कथेत प्रथम हाताळला, असे मन्रो मानीत असे.

‘रेड ड्रेस – १९४६’ (तांबडा पोशाख – १९४६) या कथेत हाच विषय सौम्य व काहीशा विनोदी अंगाने आलेला आहे. शाळेतील नृत्यसमारंभासाठी आई मोठ्या हौसेने मुलीकरिता तांबड्या मखमलीचा पोशाख शिवते. मुलीला समारंभाची इतकी धास्ती असते, की आपण आजारी पडावे म्हणून ती थंडीत कुडकुडत बसते. समारंभात प्रथम तिला कोणीच नृत्यासाठी बोलावीत नाही. मुलांची पर्वा न करणारी एक विद्यार्थिनी तिला धीर देते आणि दोघी मिळून तेथून निघून जाण्याचे ठरवितात. इतक्यात एक मुलगा मुलीचा हात धरतो आणि ती मैत्रिणीला सोडून त्याच्यासमवेत नृत्य करू लागते. घरी परतल्यावर स्वयंपाकघरात डुलक्या घेत वाट पाहणारी आई तिला दिसते. आईला सुख वाटावे यासाठी आपण सुखी असणे, हे एक कर्तव्यच आपल्यावर येऊन पडले आहे, असे तिला त्या क्षणी जाणवते. मातेच्या प्रेमातील हा अबोल तगादा इतक्या अचूकपणे दाखविणाऱ्या कथा विरळाच आढळतात.

पिता आणि कन्या : वडिलांच्या सहवासात मुलीला घराबाहेरच्या जगाचे दर्शन घडते व त्यासमवेत एखादे गुपितही तिच्या हाती येते. ‘वॉकर ब्रदर्स काउबॉय’ या पहिल्याच कथेत १९२९ नंतरच्या जागतिक आर्थिक मंदीचे वातावरण आहे. कोल्ह्यांचा व्यवसाय बुडाल्यामुळे बेन जॉर्डन हा औषधे, मसाले व किरकोळ वस्तू घरोघर विकत फिरतो. एके दिवशी मुलांना गाडीतून बरोबर घेऊन तो आपल्या ठरीव फेरीबाहेर जातो व नोरा नावाच्या स्त्रीच्या घरी थांबतो. ती अविवाहित असून आपल्या अंध आईसमवेत राहते. ती कॅथलिक पंथाची आहे, एवढ्या उल्लेखावरून त्यांचा विवाह का होऊ शकला नाही, हे कळते. नोरा लहान मुलीला नाचावयास शिकविते. बेन मात्र तिच्याबरोबर नाचण्याचे नाकारतो. परतीच्या वाटेवर तो मुलांना काहीच बजावीत नाही. तरी ही भेट घरी सांगावयाची नाही, हे मुलीला आपोआप उमगते. ‘इमेजिस’ (प्रतिमा) या कथेत हेच वडील मुलीला नदीकाठी लावलेले सापळे पाहण्यास नेतात. तेथे जमिनीखालील तळघरात एकटाच राहणारा, हातात कुऱ्हाड घेऊन हिंडणारा एक विक्षिप्त माणूस त्यांना भेटतो. कुऱ्हाडीची गोष्ट घरी बोलू नये, असे वडील सुचवितात. भयंकर वस्तू प्रत्यक्ष पाहून तिच्याविषयी गप्प राहणे, ही या मुलीच्या प्रौढत्वाची पहिली पायरी ठरते.

‘बॉइज अँड गर्ल्स’ (मुलगे आणि मुली) या १९६४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कथेत वडील व मुलगी यांच्यातील हे सख्य तुटते. अकरा वर्षांची निवेदिका वडिलांना कोल्ह्यांच्या पिंजऱ्यांना पाणी घालण्याच्या कामी मदत करते व त्याचा तिला अभिमान वाटतो. तिने स्वयंपाकघरात मदत करावी, अशी आईची व आजीची अपेक्षा असते. कोल्ह्यांच्या खाद्यासाठी म्हाताऱ्या घोड्यांना गोळी घालण्यात येत असे. फ्लोरा ही घोडी सुटून पळत असता फाटक बंद करण्यास मुलीला सांगण्यात येते. ती ते सताड उघडते. घोडी अखेर पकडली जाते व मारली जाते. धाकटा भाऊ जेवणाच्या वेळी बहिणीचे कृत्य सांगून टाकतो. वडील रागावत नाहीत. ती मुलगीच आहे, असे म्हणून ते तिला क्षमा करतात. ही क्षमाच तिला त्यांच्या जगातून कायमची बाहेर काढते, आणि कदाचित ते खरेही असेल, या विचाराने ती त्यास विरोध करीत नाही. कथेचा शेवट करुण आहे, तो या मूक स्वीकारामुळे.

शेजार, समाज व एकाकी स्त्री : कुटुंबाबाहेरील संबंध रंगविताना मन्रो सभ्यतेच्या पडद्याआडचे क्रौर्य दाखविते. ‘द शायनिंग हाउसेस’ (चकाकणारी घरे) या कथेत शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या वसाहतीतील तरुण कुटुंबांना मिसेस फुलर्टन या वृद्धेचे जुनाट घर व कोंबड्यांची खुराडी डोळ्यांत सलतात. रस्त्याच्या निमित्ताने तिला तेथून हलविण्यासाठी ते एका विनंतीअर्जावर सह्या गोळा करतात. एका मुलाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत हे घडते. मेरी ही गृहिणी सही करण्याचे नाकारते. परंतु शेजाऱ्यांना पटेल असा युक्तिवाद तिला सुचत नाही. हे शेजारी दुष्ट नाहीत, आपल्या मुलांवर व घरांवर प्रेम करणारी चांगली माणसे आहेत, हे ती जाणते आणि म्हणूनच तिचा नकार दुबळा ठरतो.

‘डे ऑफ द बटरफ्लाय’ (फुलपाखराचा दिवस) या कथेत शाळेतील मुली मायरा या परकीय वळणाच्या गरीब मुलीला दूर ठेवतात. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाल्यावर त्याच मुली भेटवस्तू घेऊन रुग्णालयात तिचा वाढदिवस साजरा करतात. मायराने देऊ केलेली भेट स्वीकारताना तिच्याशी आपण बांधले जाऊ, अशी भीती निवेदिकेला वाटते. दयेतही किती अंतर राखलेले असू शकते, हे या कथेत प्रत्ययास येते. ‘द टाइम ऑफ डेथ’ (मृत्यूची वेळ) या कथेत आई घराबाहेर असताना नऊ वर्षांच्या पॅट्रिशियाकडून उकळते पाणी सांडून धाकट्या भावाचा मृत्यू होतो. मुलगी रडत नाही, त्याविषयी बोलत नाही. बरेच दिवसांनंतर, त्या लहानग्याला आवडणारा कात्र्यांना धार लावणारा म्हातारा रस्त्यावरून जाताना दिसतो आणि ती एकाएकी किंचाळू लागते. संग्रहातील साचलेले मौन एवढ्या उघडपणे फुटल्याचे हे एक प्रभावी उदाहरण आहे.

‘द ऑफिस’ या कथेतील निवेदिका लेखनासाठी भाड्याने एक खोली घेते. घर हे पुरुषाला काम करण्याचे ठिकाण होऊ शकते. स्त्री मात्र घरापासून वेगळी काढता येत नाही, असे तिला जाणवते. घरमालक तिला कुंडीतील रोप, चहाची किटली अशा वस्तू भेट देऊन, गप्पा मारून तिच्या एकांतात शिरतो आणि ती त्याला दूर ठेवू लागताच तिच्यावर घाणेरडे आरोप करतो. अखेरीस तिला खोली सोडावी लागते. लेखिकेच्या स्वतःच्या परिस्थितीचे प्रतिबिंब या कथेत उमटलेले आहे.

प्रेमसंबंध : प्रेमाच्या कथांतही सामाजिक दर्जाचे भान सुटत नाही. ‘पोस्टकार्ड’ या कथेतील हेलन लुईस ही गावातील सधन क्लेअर मॅक्वारी याच्याशी आज ना उद्या विवाह होईल, असे गृहीत धरून चाललेली असते. तो फ्लॉरिडातून एक पत्र पाठवितो आणि पाठोपाठ विवाह करून आल्याची वार्ता येते. ती रात्री त्याच्या घरासमोर गाडी उभी करून भोंगा वाजवीत राहते. आपण त्याच्यावर प्रेम केले होते काय, हा प्रश्न तिला त्यानंतरच पडतो. ‘थँक्स फॉर द राइड’ ही संग्रहातील पुरुषाच्या मुखातून सांगितलेली एकमेव कथा. सुटीत गावात आलेला तरुण लोईस या गरीब मुलीला मोटारीतून फिरावयास नेतो. तिच्या घरची दारिद्र्याची कळा, खास त्या संध्याकाळसाठी तिने केलेला पोशाख आणि यापूर्वीच्या अशाच एका संबंधातून तिला आलेली कटुता त्याच्या ध्यानात येते. पण त्यापुढे जाण्याचे धैर्य त्याला होत नाही. ‘संडे आफ्टरनून’ (रविवारची दुपार) या कथेत श्रीमंत घरी कामास असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे पाहुण्याने घेतलेले चुंबन तिला क्षणभर आत्मविश्वास देते आणि त्यामागे येणारा अपमानही तिला अंधुकपणे दिसू लागतो.

शीर्षककथा : संग्रहाच्या अखेरीस आलेल्या शीर्षककथेत मिस मार्सालिस ही वृद्ध पियानोशिक्षिका दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांचा वादनसमारंभ घरी भरविते. उत्तरोत्तर लहान घरांत तिला राहावे लागते. जुन्या विद्यार्थिनी आपल्या मुलांना केवळ भिडेपोटी तिच्याकडे पाठवितात. या वर्षी समारंभाला मतिमंद मुलांच्या शाळेतील मुले अनपेक्षितपणे येतात. जमलेल्या माता अस्वस्थ होतात. त्यांना कोठे पाहावे, हे कळत नाही. त्या मुलांपैकी एक मुलगी एक रचना अत्यंत तन्मयतेने वाजविते. ग्लुक या जर्मन संगीतकाराच्या ऑर्फिअस व युरिडिसी यांच्या कथेवरील संगीतिकेतील (१७६२, पॅरिस आवृत्ती १७७४) पुण्यात्म्यांचे हे नृत्य होय. श्रोत्यांना मिस मार्सालिसची कीव करण्याची तयारी असते. त्या संगीतानंतर ती त्यांना करवत नाही. मिस मार्सालिसला त्यात चमत्कार काहीच वाटत नाही, कारण प्रत्येक मुलाकडून अशाच वादनाची अपेक्षा तिने आयुष्यभर धरलेली असते. सर्व कथांत दडपलेले राहिलेले असे काहीतरी या वादनातून शब्दांवाचून प्रकट होते. संग्रहाला याच कथेचे नाव देण्यातील औचित्य त्यामुळे पटते.

कथनतंत्र व भाषा : पंधरांपैकी अकरा कथा प्रथमपुरुषी निवेदनाच्या आहेत. प्रसंग बालपणीचा किंवा तरुणपणीचा असतो. तो सांगणारी स्त्री मात्र बहुधा प्रौढ असते. त्यामुळे प्रसंगाच्या वेळची समज व नंतर आलेली समज असे दुहेरी पदर कथेत तयार होतात. आठवण सांगताना निवेदिका स्वतःला निर्दोष ठरवीत नाही. कथानकात मोठ्या घटना थोड्या असतात. पोशाख, भांडी, भिंतीवरील कागद, खोलीतील वास यांच्या नेमक्या तपशिलांतून माणसांची ऐपत, अभिरुची व अहंकार व्यक्त होतात. शेवट निर्णायक नसतो. तो बहुधा एखाद्या जाणिवेपाशी येऊन थांबतो व वाचकाला मागील प्रसंगांकडे पुन्हा पाहण्यास लावतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लेखिकांचा, विशेषतः यूडोरा वेल्टी हिचा, आपल्यावर प्रभाव असल्याचे मन्रोने मान्य केलेले आहे. एखाद्या लहान प्रदेशातील सामान्य जीवनही श्रेष्ठ साहित्याचा विषय होऊ शकते, हा विश्वास तिला या लेखिकांनी दिला. संग्रहातील काही आरंभीच्या कथांत अखेरची जाणीव अधिक स्पष्ट शब्दांत मांडण्याकडे कल दिसतो. पुढील संग्रहांत तो कमी झाला व कालक्रम उलटसुलट करणारी, एका कथेत अनेक दशके सामावणारी तिची स्वतंत्र रचनापद्धती विकसित झाली.

प्रतिसाद व प्रभाव : या संग्रहास कॅनडातील गव्हर्नर जनरल पुरस्कार १९६८ सालच्या इंग्रजी कथासाहित्यासाठी मिळाला. पुढे १९७८ व १९८६ या वर्षांसाठीही तिला तो लाभला. अमेरिकेत संग्रहाची आवृत्ती १९७३ मध्ये व ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये निघाली. ‘बॉइज अँड गर्ल्स’ या कथेवरील त्याच नावाच्या लघुपटास (१९८३) ऑस्कर पारितोषिक मिळाले. या संग्रहातील ज्युबिली हे काल्पनिक गाव लाइव्ह्ज ऑफ गर्ल्स अँड विमेन (१९७१) या पुढील पुस्तकातही आढळते. रनअवे (२००४), डिअर लाइफ (२०१२) हे तिचे नंतरचे उल्लेखनीय संग्रह होत. २००९ मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक व २०१३ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक तिला देण्यात आले. आयुष्यभर मुख्यतः कथाच लिहिणाऱ्या लेखिकेस नोबेल मिळाल्यामुळे, कथा ही कादंबरीची पूर्वतयारी होय, या समजुतीस मोठा धक्का बसला. तो दृष्टिकोन प्रस्तुत संग्रहानेच प्रथम ढासळविण्यास आरंभ केला होता.

या कथांच्या वाचनावर मन्रोच्या मृत्यूनंतर उघड झालेल्या एका गोष्टीची छाया पडलेली आहे. पहिल्या पतीपासून १९७२ मध्ये विभक्त झाल्यावर तिने १९७६ मध्ये जेरल्ड फ्रेमलिन याच्याशी विवाह केला होता. जुलै २०२४ मध्ये तिची धाकटी मुलगी अँड्रिया रॉबिन स्किनर हिने टोराँटो येथील एका दैनिकात लेख लिहून, आपण नऊ वर्षांची असताना फ्रेमलिनने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, हे सांगितले. १९९२ मध्ये तिने ही गोष्ट आईला कळविली होती. तरीही मन्रो पतीजवळच राहिली. २००५ मध्ये फ्रेमलिनने न्यायालयात गुन्हा कबूल केला व त्यास शिक्षाही झाली. परंतु त्याचा बोभाटा झाला नाही. कुटुंबातील व कुटुंबाबाहेरील काही व्यक्तींना हे ठाऊक असून सर्वत्र मौन पाळले गेले होते. या प्रकटनानंतर मन्रोच्या साहित्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी जगभर वाद झाला.

प्रस्तुत संग्रह त्या घटनांच्या आधीचा असल्यामुळे त्या त्यात शोधणे योग्य होणार नाही. तथापि मौनाचा जो प्रश्न या कथांतून उभा राहतो, तो आज अधिक तीव्रतेने जाणवतो. नोराच्या घरची भेट लपविणारी मुलगी प्रेमापोटी गप्प राहते, आईविषयी न बोलणाऱ्या बहिणी अपराधी भावनेने गप्प राहतात, वृद्धेविरुद्धच्या अर्जावर सह्या करणारे शेजारी सोयीसाठी गप्प राहतात. या प्रत्येक मौनाची किंमत कोणीतरी मोजीत असते व ती बहुधा सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या वाट्यास येते. घर सांभाळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, मुलांची वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या साध्या दिनक्रमात हा हिशेब कसा चाललेला असतो, हे या पंधरा कथांत नोंदविलेले आहे. लेखिकेच्या आयुष्याविषयीचा निर्णय वाचकाने काहीही केला, तरी त्या नोंदींचा खरेपणा कमी होत नाही. उलट त्या निर्णयाची कसोटीही त्याला याच कथांत सापडते.